संमतीचा रकाना

१२ ऑक्टोबर, रविवार, दुपारचे तीन

प्रिय भुंग्या,

तुला शेवटचं पत्र लिहिलं ते २ जूनला. आत्ताच डायरी उघडून खात्री केली, म्हणजे चार महिने आणि दहा दिवस झाले. दर रविवारी फोन होतो हे खरं, पण त्यात मी विचारतो जेवलीस का, तू विचारतेस गुडघा कसा आहे, आणि मग दोघंही हवेबद्दल बोलतो. आळस केला असता तर सरळ माफी मागून मोकळा झालो असतो. पण लिहायला बसलो की एक गोष्ट लिहावीच लागली असती, आणि ती वगळून बाकीचं लिहिणं म्हणजे तुला फसवणं, म्हणून मी काहीच लिहिलं नाही. आता कळतं की तीही फसवणूकच झाली, फक्त कागद वाचला.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. या पत्राच्या शेवटी तुझ्यापुढे एक प्रश्न येईल. तुझं उत्तर हो असेल तर मला फार हवी असलेली एक गोष्ट होईल, नाही असेल तर होणार नाही. दोन्ही उत्तरं मला चालतील असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. दोन्ही मी निमूटपणे घेईन, एवढं खरं. घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. उलट मी हल्ली घरात शीळ घालत फिरतो. परवा शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं की आमच्याकडचा नळ वाजतोय का.

पहिली बातमी म्हणजे मी आता बंदुका तपासत नाही. अकरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन त्यांची लोखंडी कपाटं गदागदा हलवून बघणारा तुझा बाप एप्रिलपासून परवाना खात्याच्या तळघरात, जुन्या फायलींमध्ये बसतो. तुला फोनवर ‘ऑफिसात जरा अदलाबदल झाली’ इतकंच सांगितलं होतं. अदलाबदल झाली नव्हती, मी अर्ज करून मागून घेतली होती. का, ते सांगायचं तर गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून सुरुवात करावी लागेल.

तुला आठवतं, नवा कायदा आल्यावर मी घरी येऊन तपासण्यांचे किस्से सांगायचो? तू त्या लोकांना ‘बंदूकवेडे’ म्हणायचीस आणि मी ‘परवानाधारक म्हण’ म्हणून टोकायचो. पण किल्लीच्या प्रश्नाबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही, कारण ती खात्यातली गुप्त गोष्ट होती. आता ती छापील पत्रकातच आली आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही. नव्या कायद्याप्रमाणे कपाटाची किल्ली कुठे आहे हे परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्याशिवाय कोणालाही माहीत असता कामा नये. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि तपासायला आलेल्या आमच्यासारख्यालाही नाही. तर आम्ही काय करायचो, कपाट बघायचो, भिंतीतले बोल्ट बघायचो, काडतुसं वेगळ्या कुलपात आहेत का ते बघायचो, चहा घ्यायचो, आणि निघताना चपला घालता घालता सहज विचारायचो, किल्ली कुठे ठेवता हो? ज्याने सांगितलं तो नापास.

आणि सगळे सांगायचे! हौशी माणसाला आपली व्यवस्था कोणीतरी बघावी असं वाटतंच. मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे सात रायफली आहेत, त्यातली एक त्यांच्या आजोबांची. प्रत्येकीच्या तेलपाण्याचा दिवस ठरलेला. त्यांनी मोठ्या कौतुकाने कपाटावरचा प्लास्टरचा जबडा उचलला, उजवीकडची शेवटची दाढ काढली आणि आतली किल्ली मला दाखवली. मी नापासचा शेरा लिहिला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, पुढच्या वेळी तुमची दाढ काढताना भूल देणार नाही. मी हसलो, पण डायरीत त्या दिवशी लिहिलं आहे की एखाद्याचा चहा पिऊन त्याला असं पकडणं बरोबर आहे का. किल्लीच्या प्रश्नामुळे शहरातल्या निम्म्या किल्ल्यांच्या जागा बदलल्या, हे मात्र खरं.

१९ फेब्रुवारीला मी चष्म्याच्या एका दुकानावरच्या दीड खोलीत गेलो. परवाना एका बाईच्या नावावर, दुकानही तिचंच. खाली काचा घासायच्या, वर राहायचं. वय तेव्हा बेचाळीस. नेमबाजीच्या क्लबात गेली सतरा वर्षं, दोन रायफली, दोन्ही लक्ष्यावर नेम धरायच्या. कपाट असं बसवलेलं की मी हलवायला गेलो तर माझा खांदा दुखावला. चहा झाला, बिनसाखरेचा. घरात साखर असेल असं तिला सुचलंच नाही आणि मला मागायचं धैर्य झालं नाही. निघताना मी चपलेत पाय घालत विचारलं. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, “सांगितलं तर मी नापास, आणि विचारलंत म्हणून खरं तर तुम्हीही.”

हा प्रश्न विचारायला लागल्यापासून असं उत्तर देणारी ती पहिली व्यक्ती. मी जिना उतरलो आणि रस्त्यावर येऊन एकटाच हसलो. डायरीत फक्त ‘उत्तीर्ण’ लिहिलं आहे, पण अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं आहे.

भुंग्या, तू हुशार आहेस, आता तुला कळलंच असेल. तरी मला क्रमाने सांगू दे, नाहीतर मी कुठलं तरी गैरसोयीचं पान गाळीन.

वर्षभर काहीही झालं नाही. या फेब्रुवारीत तिची दुसरी तपासणी माझ्याच यादीत आली. मी सकाळी दोनदा शर्ट बदलला, आणि दुसऱ्यांदा बदलताना थांबलो. ज्याच्या घरचं कपाट तपासायला दोन शर्ट लागतात त्याला मी पास-नापास कसा ठरवणार? ती तपासणी मी दुसऱ्या तपासनिसांना दिली आणि साहेबांकडे बदलीचा अर्ज नेला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘एका परवानाधारकाविषयी निष्पक्ष राहू शकेन याची खात्री नाही.’ साहेबांनी विचारलं, भांडण झालंय का? मी म्हटलं, नाही. मग लाच देऊ केली का? नाही. मग ते म्हणाले, प्रेमात पडायच्या आधी अर्ज करणारा सरकारी नोकर मी तीस वर्षांत पाहिला नाही. एप्रिलमध्ये बदली झाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी तिच्या दुकानात चष्म्याचा नंबर तपासायला गेलो. नंबर खरोखरच वाढला होता. हे निव्वळ निमित्त ठरू नये म्हणून मी आधी दुसऱ्या दुकानात डोळे तपासून घेतले होते. हे तिला सांगितलं तेव्हा तिने काच खाली ठेवली आणि टेबलाला धरून हसली.

मे महिन्यात तू पंधरा दिवस घरी होतीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज तू काहीतरी सांगत सुटायचीस, पुलाच्या कमानीबद्दल, मेसमधल्या आचाऱ्याबद्दल, आणि तुझा आवाज घरात इतका छान भरून राहायचा की मला त्यात आपला विषय घुसडवेना. हे कारण आहे की सबब, तूच ठरव.

ती नेमबाजीच्या रेंजवर कशी दिसते हे तुला सांगायचं आहे, कारण तू बंदूक पाहिलीस ती एकदाच, आणि ती वाईट ठिकाणी पाहिलीस. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कानांवर दोन मोठ्या वाट्या चढवून भिंतीला चिकटून उभा राहिलो होतो. आवाजाला मी आजही दचकतो आणि बंदूक हातात घ्यावी असं मला आजही वाटत नाही. ती मात्र पालथी पडून अशी स्थिर होते की माशी बसली तरी कळू नये. श्वास सोडते, अर्ध्यावर थांबवते, आणि मग पन्नास मीटरवरच्या कागदाला एक भोक पडतं. दहा गोळ्यांनी मिळून शर्टाच्या बटणाएवढं भोक. मग उठते आणि पहिलं काम काय करते, तर रायफल उघडून शेजारच्या माणसाला रिकामी नळी दाखवते. त्याने ‘रिकामी’ म्हटल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही. इतकी वर्षं नेमबाजी केलेली बाई, समोर काल आलेला नवशिका असला तरी त्याच्याकडून म्हणवून घेते. मला वाटलं, एवढ्या सहजपणे स्वतःवर अविश्वास दाखवणारी माणसं मी ऑफिसात फार कमी पाहिली आहेत.

पण फक्त चांगलं चांगलं सांगणं बरोबर नाही. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची संमती असल्याशिवाय घरात बंदूक ठेवता येणार नाही, हे कलम लागू झालं तेव्हा क्लबने विरोधाचं निवेदन दिलं होतं. त्यावर तिची सही आहे, वरून चौथी. मी स्वतः ती तळघरात फाइल लावताना पाहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मी काय शाळेत आहे, घरच्यांची चिठ्ठी आणायला? आणि एकट्या बाईने कोणाची चिठ्ठी आणायची? त्यावर आमचा तासभर वाद झाला. मी तिला त्या बाईंची गोष्ट सांगितली ज्यांच्या नवऱ्यासमोर त्या ‘हो, हो, माझी संमती आहे’ म्हणत राहिल्या, आणि कपाटाची पावती शोधायला नवरा आत गेल्यावर मला हळूच म्हणाल्या की चार वर्षं त्या कपाटाकडे पाठ करून मी झोपलेली नाही. तो परवाना नामंजूर झाला, आणि का ते नवऱ्याला कधीच सांगितलं गेलं नाही. मग म्हणाली, कलम बरोबर असेल, पण मला अजून ते टोचतं. मला हे उत्तर आवडलं. लगेच पटलं म्हणाली असती तर मी तिला संशयाने पाहिलं असतं.

आणि हे कलम कोणामुळे आलं, हे मी तिला सांगायची गरजच पडली नाही. आपल्या बाहेरच्या खोलीतला तुझा सोळाव्या वर्षीचा फोटो तिने पाहिला, हातात फलक, डोक्यावर माझी टोपी. तुझ्या मैत्रिणीची सगळी हकिकत मग मीच सांगितली. ती मैत्रीण तुझ्यासमोर कात्री शोधायला टेबलाचा खण ओढते काय, आत मागे अडकलेलं तिच्या काकांचं भरलेलं पिस्तूल उडतं काय, आणि उजवा हात कायमचा जातो काय. घरात त्या पिस्तुलाबद्दल पाच जणांपैकी एकालाच माहीत होतं. तू त्या वर्षी मैत्रिणीबरोबर स्वतःही डाव्या हाताने लिहायला शिकलीस, आणि शनिवार-रविवार चौकात उभी राहून सह्या गोळा केल्यास. मी सरकारी नोकर म्हणून सही करू शकलो नाही, फक्त पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. हिने फोटोजवळ जाऊन तुझ्या हातातला फलक वाचला. मग म्हणाली, म्हणजे हीच ती, जिच्यामुळे सगळा क्लब घरच्यांशी गोड बोलायला लागला. आणि थोड्या वेळाने, अक्षर मात्र सुरेख आहे हं.

आता ८ जूनची गोष्ट. हिच्यामुळेच तुला पत्र लिहिणं थांबलं.

रविवार होता. राज्याची स्पर्धा चौदा दिवसांवर होती आणि ती वर्षभर त्याचीच तयारी करत होती. आम्ही वर बसलो होतो, तेवढ्यात खाली एक गिऱ्हाईक चष्म्याची तुटलेली काडी घेऊन आलं. ती जाताना म्हणाली, तोवर चहा टाका. मला आनंद झाला. चहा टाका म्हणणं म्हणजे घरातलं समजणं. आधण ठेवलं, पत्ती घातली, आणि म्हटलं आज धीर करून साखर शोधावी. वरच्या फळीवर एक डबा होता, त्यावर तिच्या नीटस अक्षरात ‘साखर’ लिहिलं होतं. मी झाकण उघडलं. आत साखर नव्हती, किल्ली होती.

तुला सांगतो, मी ते झाकण असं लावलं जणू आत साप आहे. त्या डब्याची मेख अशी की ती स्वतः साखर खात नाही, आणि तिच्याकडे साखर खाणारं कोणी येतच नव्हतं. इतकी वर्षं त्या डब्याला तिच्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. दोरीवरून चढून चोर आला असता तरी त्याने चहात साखर घातली नसती. घालणारा निघालो मी, खात्याचा माणूस.

ती वर आली तेव्हा चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. गप्प बसलो असतो तर काहीच झालं नसतं. तिने किल्लीची जागा बदलावी एवढं सुचवलं असतं तरी चाललं असतं. पण नियम असा की जागा दुसऱ्याला कळली तर चोवीस तासांत खात्याला कळवायचं, कपाटाला सील लागतं, कुलूप बदलतं, आणि एकवीस दिवसांनी पुन्हा तपासणी. एकवीस दिवस. स्पर्धा चौदाव्या दिवशी. मी उभ्या उभ्या एवढंच म्हणालो की मला किल्ली दिसली. ती खुर्चीवर बसली. तिथूनच हात लांबवून तिने शेगडीचं बटण बंद केलं. मग मी म्हणालो की मला हे कळवावं लागेल, आणि म्हणतानाच मला कळत होतं की आत्ताच घरातला झालेला माणूस मी आता बाहेरचा होणार होतो.

ती म्हणाली, “तुम्ही नाही. नियम नीट वाचा. कळवायचं परवानाधारकाने.”

आणि तिने खालून कागद आणून तिथल्या तिथे लिहायला घेतलं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असा शब्द घातला. मी म्हटलं, निष्काळजीपणा कसला, डबा तर मी उघडला. ती म्हणाली, डब्यावर साखर लिहिल्यावर माणूस उघडणारच. सोमवारी सील लागलं. २२ तारखेला ती स्पर्धेला गेली ती प्रेक्षक म्हणून, आणि मी तिच्या शेजारी बसलो होतो. सलग तीन वर्षं जिला ती हरवत आली होती ती मुलगी पहिली आली. ही उठून मनापासून टाळ्या वाजवत होती आणि मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. दातांच्या डॉक्टरांना सगळी हकिकत कळली होती. ते मागच्या रांगेतून वाकून माझ्या कानात म्हणाले, माझ्या दाढेचा सूड देवाने घेतला.

परतताना मी तिची माफी मागितली. एकदा नाही, रस्ताभर. शेवटी ती वैतागली. म्हणाली की पुढच्या वर्षीही स्पर्धा आहेच, आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली, की किल्ली दिसल्यावर मी आधी तिला सांगितलं, खात्याला नाही. मग तिच्या दारापाशी पोचल्यावर कुलूप काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आता साखरेच्या डब्यात साखर ठेवलीय मी.”

त्यानंतर मी काय बोललो ते आठवत नाही आणि डायरीतही नाही. त्या दिवसाचं पान कोरं आहे. वीस वर्षांत ते एकच पान.

तुझी आई गेल्याला नऊ वर्षं झाली. मी तिच्याशी मनातल्या मनात बोलतो हे तुला माहीत आहे. हेही सांगितलं. ती काय म्हणाली असती हे मी ठरवू नये, पण किल्लीच्या गोष्टीला ती पोट धरून हसली असती याबद्दल मला शंका नाही. तुझ्या आत्याला सप्टेंबरमध्ये सांगितलं. ती म्हणाली, दादा, तुला बायको मिळाली ती पण नियमावली तोंडपाठ असलेली, आता तुमच्या घरात पोरगी श्वास कशी घेणार? मी म्हटलं, तेच तर विचारायचं आहे.

तर आता प्रश्न. आम्ही लग्न करायचं म्हणतो. तुला आधी सांगितल्याशिवाय तारीख धरलेली नाही. ती इथे आपल्या घरी राहायला येईल असं आमच्या मनात आहे. परवानाधारक जिथे राहतो तिथेच बंदूक ठेवायची असा कायदा आहे. क्लबात ठेवायची सोय मागच्या वर्षी बंद झाली, कारण एका जागी दोनशे बंदुका म्हणजे चोरांना आमंत्रण. म्हणजे ती आली की कपाट आलं. आणि कपाट येणार तर घरातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीची संमती लागते. आपल्या घरात सज्ञान व्यक्ती दोन आहेत, मी आणि तू. माझी सही झाली आहे. तुझा रकाना रिकामा आहे. तू नाही म्हणालीस तर कपाट तिच्या दीड खोलीत राहील, ती कपाटाजवळ राहील आणि मी इथे. लग्न करून दोन घरांत राहण्यात अर्थ नाही असं आम्हा दोघांना वाटतं. रायफली विकून ये असं मी तिला म्हणणार नाही, आणि तिने आपण होऊन म्हटलं तर ऐकणार नाही. परवान्याच्या खिडकीवरच्या माणसाने मला सल्ला दिला की मुलीचा कायमचा पत्ता वसतिगृहाचा दाखवा, सहीची गरजच उरणार नाही, सगळे तसंच करतात. मी फॉर्म परत घेतला, तुझा घरचाच पत्ता लिहिला आणि मगच दिला. माझ्या सोयीसाठी, कागदावर का होईना, तुला घराबाहेर काढायचं? जिथे तुझी खाट, तिथे तुझी सही.

हे पत्र आजच लिहिण्याचं कारण हे. मंगळवारी, २१ तारखेला, माझ्या जागी आलेल्या तपासनीस बाई तुझ्या वसतिगृहावर येतील. तुझ्याशी एकटीशी बोलतील, तुझ्या मैत्रिणींनाही बाहेर पाठवतील. तू काय म्हणालीस आणि का, हे त्या मला कधीही सांगणार नाहीत. आम्हाला फक्त मंजूर किंवा नामंजूर असं कळेल, आणि नामंजुरीची इतर दहा कारणं असू शकतात, त्यामुळे तुझं उत्तर माझ्यापासून सुरक्षित आहे. दारात अचानक सरकारी बाई उभी राहून ‘तुमच्या वडिलांच्या लग्नाबाबत’ असं म्हणाली असती तर तू मला जन्मभर माफ केलं नसतंस, म्हणून आधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. फोनवर मुद्दाम सांगितलं नाही. फोनवर माझा आवाज ऐकून तू लगेच हो म्हणाली असतीस, आणि असं ‘हो’ मी तपासण्यांमध्ये खूप ऐकलं आहे. पत्र लिहिलेलं चालेल का हेही त्या बाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, माहिती द्या, गळ घालू नका. मी तरीही तीन ठिकाणी गळ घातली होती, वाचताना लक्षात आली, आणि कोऱ्या कागदावर पुन्हा लिहून काढताना ती वाक्यं गाळली. त्यांत काय होतं ते तुला न सांगताही कळेल, तू माझी मुलगी आहेस. पण संमती मागताना तू माझी मुलगी नाहीस, तू रकाना क्रमांक दोनमधली सज्ञान व्यक्ती आहेस. चौकात उभं राहून तू हा हक्क मिळवलास. तो माझ्यावर दया करण्यात खर्च करू नकोस. तुझ्या मैत्रिणीचा हात आठवला आणि नाही म्हणावंसं वाटलं तर नाही म्हण. आणि जर उगाचच, कारण नसताना, हसू येत असेल, तर मात्र बाईंसमोर ते दाबू नकोस.

तुझाच,
बाबा

(डायरीच्या सवयीने पानाच्या खाली लिहून जातो, राहू दे.)
उद्या: तुझ्या खाटेवर ठेवलेले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलून खाट मोकळी करणे. उत्तर काहीही येवो.